विश्लेषण : मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलेली हवेची नळी बैलगाडीपर्यंत कशी पोहोचली? कोण होते जॉन बॉइड डनलॉप?

कपाशीच्या हंगामात बोदवड तालुक्यातल्या कोणत्याही शेतरस्त्याला उभे राहा. काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर दगडासारख्या घट्ट होतात. त्यावरून लोखंडी धावेची लाकडी चाकाची गाडी गेली, की तिचा खडखडाट बांधापलीकडून ऐकू येतो. गाडीवानाची कंबर आणि बैलांचे खांदे दोन्ही हिशेबात धरावे लागतात. त्याच वाटेने टायरगाडी जाते तेव्हा मात्र फक्त घुंगरांचा आवाज येतो.

आता शेतरिसॉर्ट आणि पर्यटनस्थळांवर एक नवे वाहन दिसू लागले आहे. चालक आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात म्हणून त्याला साइड-बाय-साइड म्हणतात. चार मोठे गुबगुबीत टायर, वर पाइपांचा सांगाडा आणि कुठूनही जाण्याची तयारी. पण ते घेतल्यावर अनेकांची पहिली तक्रार एकच असते : गाडी फार आदळते. मग महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर शोधले जातात. तज्ज्ञ मेकॅनिक मात्र आधी टायरची हवा तपासतो. असे का? याचे उत्तर सव्वाशे वर्षांहून जुन्या एका प्रयोगात आहे. तो प्रयोग करणारा माणूस इंजिनीअर नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता.

डनलॉप यांचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते दिवस भरण्याआधीच जन्मले होते, असे त्यांना घरच्यांनी सांगितले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे हा समज त्यांच्या मनात कायमचा बसला. प्रत्यक्षात ते ८१ वर्षे जगले.

शेतीपेक्षा जनावरांच्या उपचारात त्यांना रस होता. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते वयाच्या १९व्या वर्षी पदवीधर झाले. काही वर्षे तिथेच काम केल्यावर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी व्यवसाय केला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

त्या काळी शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चालत असे. त्यामुळे पशुवैद्याला कामाची कमतरता नव्हती. १८८०च्या दशकात डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांपैकी एक बनला होता. म्हणजे वयाच्या ४७व्या वर्षी ते स्थिरावलेले, प्रतिष्ठित आणि घोड्यांच्या पायांशी रोज संबंध येणारे डॉक्टर होते. नवा उद्योग सुरू करण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

टायरची कल्पना कशी सुचली?

कारण घरातच होते. त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि तिच्या चाकांना भरीव रबराची पट्टी होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते. प्रत्येक सांध्यावर चाक आदळायचे आणि तो धक्का थेट सीटपर्यंत यायचा.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी घराच्या अंगणात एक साधा प्रयोग केला. लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी बनवली, ती चकतीच्या कडेला बसवली आणि तिच्यावर तागाचे कापड ताणून खिळ्यांनी ठोकले. मग नळीत हवा भरली. तीनचाकीचे भरीव रबराचे एक चाक काढून त्यांनी ते अंगणात लोटून दिले. थोडे अंतर जाऊन ते पडले. मग हवेची नळी लावलेली चकती तशीच लोटली. ती अंगण पार करून समोरच्या फाटकावर आदळली आणि उलटी आली.

या छोट्या प्रयोगातून दोन गोष्टी एकदम दिसल्या. हवेचे चाक मऊ होते, हे अपेक्षितच होते. पण ते अधिक दूरही गेले, म्हणजे त्याला कमी जोर लागत होता. मऊ म्हणजे जड, हा तोपर्यंतचा समज त्या अंगणात खोटा ठरला. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीने नवी मागची चाके लावलेली तीनचाकी रस्त्यावर चालवून पाहिली. जुलैमध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते मंजूर झाले.

हवा नेमके काय करते?

समजा, रस्त्यात दोन सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. लोखंडी धावेचे चाक दबत नाही. त्यामुळे दगडावरून जाताना चाक, आख आणि त्यावरचे ओझे हे सगळे दोन सेंटिमीटर वर उचलावे लागते. हे उचलण्याचे काम बैल करतात. पलीकडे सगळे वजन खाली आदळते आणि केलेले काम आवाजात, धक्क्यात व चाकाच्या झिजेत वाया जाते.

हवेच्या टायरमध्ये दगड तेवढ्याच जागी टायरला आत ढकलतो. गाडी जवळपास आपल्याच पातळीवर राहते. दगड मागे गेला की दबलेली हवा टायरला पूर्ववत करते आणि दबण्यात गेलेली बरीचशी ऊर्जा परत मिळते. म्हणूनच ती चकती अंगणभर पळाली.

लाकडी चाकाकडे याच प्रश्नाचे एक जुने उत्तर होते : चाक मोठे करणे. मोठे चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही आणि दगडावर सावकाश चढते. बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येते, ते यामुळेच. जुन्या उंच चाकाच्या सायकलीलाही हाच फायदा होता. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर ही दोन सारख्या, लहान चाकांची सायकल आली. ती सुरक्षित होती, पण लहान चाकांमुळे जास्त आदळायची. डनलॉप यांचा टायर नेमका याच वेळी आला आणि लहान चाकाची ती उणीव भरून निघाली. आजही टायरगाडीचे चाक लाकडी गाडीच्या चाकापेक्षा बरेच लहान असते आणि तरी ती कमी आदळते.

लोकांचा विश्वास कसा बसला?

सुरुवातीला बसला नाही. जाड, फुगलेले टायर पाहून लोक हसायचे. चित्र बदलले एका शर्यतीने. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू हवेचे टायर लावून उतरला. तो काही अव्वल नंबरचा खेळाडू नव्हता. तरीही त्या दिवशी त्याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. त्यानंतर लिव्हरपूलमध्येही त्याने एक सोडून सर्व शर्यती जिंकल्या.

हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यावसायिक हार्वे डू क्रो यांची मुले होती. डू क्रो आयर्लंडच्या सायकलस्वार संघटनेचे अध्यक्ष होते. मुलांच्या पराभवातून त्यांना धंदा दिसला. १८८९ मध्येच डब्लिन येथे कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि त्या बदल्यात शेअर्स घेतले. पुढे रबर आणि नाफ्ताच्या वासाबद्दल डब्लिनमध्ये तक्रारी झाल्या आणि उत्पादन इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या सायकलींच्या शहरात गेले.

मग पेटंट रद्द का झाले?

डनलॉप यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा धक्का इथे आहे. १८९० मध्ये त्यांना कळवण्यात आले, की हवेच्या टायरचे पेटंट आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे. तो माणूस होता रॉबर्ट विल्यम थॉमसन. तोही स्कॉटिश होता. डिसेंबर १८४५ मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी, थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा डनलॉप पाच वर्षांचे होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये थॉमसनने घोडागाडीला अशी चाके लावून दाखवलीही होती.

थॉमसनची चाके चालली, पण खपली नाहीत. पातळ आणि टिकाऊ रबर महाग होते. सायकल अजून आली नव्हती, मोटारीला तर चार दशके अवकाश होता. थॉमसन १८७३ मध्ये वारला आणि त्याची कल्पना विसरली गेली. डनलॉप यांना तिची काहीच माहिती नव्हती. पण कायद्याच्या लेखी माहिती नसणे ही सबब चालत नाही.

कंपनी तरीही टिकली. कारण टायर रिमवर घट्ट बसवण्याच्या आणि पंक्चर काढायला तो सहज उतरवण्याच्या पद्धतींची वेगळी पेटंट होती. १८९० मधील चार्ल्स वेल्श आणि विल्यम बार्टलेट यांची पेटंट कंपनीने विकत घेतली. डनलॉप यांचा मूळ टायर चिकटवून आणि कापड गुंडाळून बसवलेला असे. पंक्चर झाले तर ते सगळे सोडवावे लागायचे. रोजच्या वापरातला टायर त्यामुळे अनेकांच्या डोक्यातून तयार झाला. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी सहज निघणारा सायकल टायर आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्डो शर्यतीत त्यांनी मोटारीला हवेचे टायर लावून दाखवले.

डनलॉप यांना काय मिळाले?

नाव मिळाले, संपत्ती फारशी नाही. व्यवस्थापनाशी त्यांचे पटेना. १८९५ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि आपले बहुतेक शेअर्स विकले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, डू क्रो यांनी कंपनी टेरा हूली या धनिकाला ३० लाख पौंडांना विकली. हूलीने ती लगेच ५० लाख पौंडांना बाजारात आणली. ज्याचे नाव कंपनीच्या पाटीवर होते, तो या व्यवहारात नव्हता.

डनलॉप डब्लिनला स्थायिक झाले. तिथल्या एका कापड दुकानाच्या व्यवसायात त्यांची भागीदारी होती. उतारवयात त्यांना आणखी एक गोष्ट बोचली. कंपनीच्या जाहिरातींमध्ये त्यांचे चित्र नटव्या, छानछोकी गृहस्थासारखे रंगवले जायचे. साध्या राहणीच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरला ते अपमानास्पद वाटले. त्यांनी स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. हे प्रकरण १९२१ मध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यांनी तयार केलेला पहिला सायकल टायर आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या आरामाची किंमत कोणी मोजली?

टायरच्या कथेची एक काळी बाजूही आहे. सायकल आणि मोटारीमुळे रबराची मागणी प्रचंड वाढली. सुरुवातीला हे रबर मुख्यतः जंगलातून गोळा केले जायचे. आफ्रिकेतील काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या राजवटीत गावागावांना रबराचा कोटा ठरवून दिला गेला. तो पूर्ण न करणाऱ्यांवर भयंकर अत्याचार झाले. ब्रिटनचे अधिकारी रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाने हे जगासमोर आणले. यात डनलॉप यांचा हात नव्हता. पण युरोपच्या रस्त्यावर कमी झालेले धक्के दुसऱ्या खंडातल्या माणसांच्या पाठीवर पडले, हे विसरून चालणार नाही.

भारतातल्या बैलगाडीपर्यंत टायर कसा आला?

डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. मोटारींबरोबरच जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीही भारतात टायर बनू लागले. उत्तर भारतात अनेक ठिकाणी अशा गाडीला आजही सरळ डनलप म्हणतात. आपल्याकडे तीच टायरगाडी झाली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा विषय अनेक वर्षे लावून धरला होता. जनावराचा त्रास कमी करणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

बैलासाठी प्रत्येक धक्का जुवातून खांद्यावर येतो. सततच्या घासण्याने आणि दाबाने होणारी खांदेसूज शेतकऱ्याला नवी नाही. चाक सहज फिरले की ओढ कमी लागते आणि जूही कमी हिसकते. जनावरांच्या डॉक्टरने मुलासाठी शोधलेली गोष्ट अशी फिरून पुन्हा जनावरांच्या कामी आली.

टायरगाडीच्या अडचणीही आहेत. बाभळीचा काटा लोखंडी धावेचे काही बिघडवत नाही, टायरला मात्र पंक्चर करतो. भरलेली टायरगाडी उतारावर सहज पळते आणि ब्रेक नसेल तर बैलांच्या अंगावर येते. गाडी हलकी चालते म्हणून जास्त माल भरण्याचा मोह होतो. तसे केले तर बैलाला मिळालेला आराम त्या जादा मालात संपतो.

साइड-बाय-साइड गाडी आदळत असेल तर काय करावे?

डनलॉप यांच्या अंगणातला धडा इथे तसाच लागू पडतो. रस्त्याला पहिला स्पर्श टायरचा होतो, म्हणून सुरुवात तिथून करायची.

पहिली पायरी हवेची. मोटारीत साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. साइड-बाय-साइडच्या मोठ्या टायरला बहुतेक वेळा १० ते २० पीएसआय पुरते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. पंपावर मोटारीच्या सवयीने ३० भरले, की टायर दगडासारखा होतो आणि मग कितीही महाग शॉक लावले तरी बारीक खडी जाणवत राहते. हवा टायर थंड असताना, कमी दाब नीट दाखवणाऱ्या गेजने मोजावी. आकडा जास्त असेल तर एकेक पीएसआय कमी करत त्याच वाटेवर गाडी चालवून पाहावी. मात्र दिलेल्या मर्यादेखाली जाऊ नये. हवा फार कमी झाली तर वळणावर टायर रिममधून सुटू शकतो, दगडावर रिम चेपू शकते आणि डांबरी रस्त्यावर टायर तापतो.

दुसरी पायरी स्प्रिंगची. टायर लहान दगड गिळतो, पण मोठा खड्डा स्प्रिंगनेच पेलायचा असतो. माणसे आणि नेहमीचे सामान गाडीत असताना ती थोडी खाली बसली पाहिजे. तरच खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा राहते. स्प्रिंग फार ताणून ठेवली तर गाडी उंच दिसते, पण कडक होते.

तिसरी पायरी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. स्प्रिंग एकटी असेल तर धक्क्यानंतर गाडी डोलत राहते. शॉकमधले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि ती डोलण्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. परत येण्याचा वेग फार कमी ठेवला, तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत स्प्रिंगला पूर्ववत व्हायला वेळ मिळत नाही. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी आदळते. अशा वेळी शॉक कडक नाही, तर थोडा मोकळा करावा लागतो. एका वेळी एकच बदल करून तो लिहून ठेवावा, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

चौथी पायरी वजनाची. जड रिम आणि टायर लावले, की वर-खाली होणारे वजन वाढते आणि स्प्रिंग-शॉकला ते आवरणे कठीण जाते. दिसायला भारी असलेली चाके बसायला त्रासदायक ठरतात, ती अशी. शेवटी सीट. चांगली गादी उपयोगी पडते, पण ती खालच्या चुका झाकू शकत नाही.

हा प्रश्न फक्त सोयीचा आहे का?

नाही. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेतल्या, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. वर्षानुवर्षे अशी कंपने सोसणाऱ्या ट्रॅक्टर आणि अवजड वाहनांच्या चालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते. मोटारीची स्प्रिंग अशी ठरवतात, की गाडीचे डोलणे सेकंदाला एक-दीड वेळाच व्हावे. माणूस चालताना ज्या लयीत हलतो, तिच्या जवळपासची ही लय आहे. शेतरस्त्यावर रोज चार तास बसणाऱ्यासाठी हा फरक पाठीच्या मणक्यांचा असतो.

डनलॉप यांना यातले आकडे माहीत नव्हते. त्यांच्यासमोर एक वैतागलेला मुलगा आणि दगडी रस्ता होता. त्यांनी आधी कोणी हे केले आहे का, हे तपासले नाही आणि त्याची किंमत मोजली. शेअर्स लवकर विकले आणि त्याचीही किंमत मोजली. पण कल्पना आधी कोणाला सुचली एवढ्यावर गोष्ट संपत नाही. योग्य वेळी ती बनवून, चालवून दाखवावी लागते. थॉमसनच्या टायरला सायकल भेटली नाही, डनलॉप यांच्या टायरला ती भेटली.

शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाणारी दुचाकी असो, कापूस घेऊन जिनिंगकडे निघालेली टायरगाडी असो की लाखो रुपयांची साइड-बाय-साइड, सगळ्यांच्या खाली तीच हवा आहे. गाडी आदळते असे वाटले, तर खिशात हात घालण्याआधी खाली वाकून टायर बघा. हवा तपासायला दोन मिनिटे लागतात.